ख्यापन

गेल्या भाद्रपदात, कानंद खोऱ्यातले भात पोटरीला आलेले आणि तोरण्याचा माथा चार-चार दिवस ढगाबाहेर न येणारा अशा दिवसांत, आमच्या वेल्ह्याकडील घराच्या गोठ्यात गोचिडांचे औषध कालवलेली बादली मी उघडी ठेवली, आणि खंड्या नावाचा आमचा कुत्रा त्यातले निदान अर्धा लिटर पाणी पिऊन गेला. हे वाक्य आज मला इतक्या सरळपणे लिहिता येते; त्या दिवशी ते उच्चारण्यास पाऊण तास लागला. त्या पाऊण तासाचा हिशेब माझ्या मनाशी अजून मिटलेला नाही, म्हणून तो येथे मांडतो.

औषध हौसेने आणलेले नव्हते. पाऊस ओसरू लागला की मावळातल्या गोठ्यांत गोचिडांचे राज्य सुरू होते. म्हशींच्या कासेला, बैलांच्या मानेखाली आणि कुत्र्यांच्या कानांत त्या एरंडाच्या बियांसारख्या फुगून बसतात. (एरंडाला शास्त्रज्ञांनी जे लॅटिन नाव दिले आहे त्याचा मूळ अर्थही गोचीड असाच आहे, तेव्हा हे साम्य केवळ आमच्या मावळी डोळ्यांना दिसले असे नाही.) रक्त पिण्यापुरताच त्यांचा उद्योग असता तर एक वेळ चालले असते, पण त्यांच्यामागून जो ताप येतो तो रक्ताच्या पेशीच फोडतो, लघवी तांबडी करतो आणि धडधाकट जनावर आठवड्यात आडवे करतो. खंड्या पंधरा दिवस कान झाडीत होता. म्हशींसाठी आणलेली साडेबारा टक्क्यांच्या अमित्राजची बाटली फळीवर होतीच. औषध मोजून पाण्यात मिसळावे, केवळ अंगावर वापरावे, उरलेले जनावरांच्या वाटेत ठेवू नये, अशा अर्थाचा मजकूर तिच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला होता. मी तो वाचला नव्हता. टोपणाच्या अंदाजाने औषध ओतले, कुत्र्याचे अंग फडक्याने पुसून काढले, आणि बाहेरून कोणी हाक मारली म्हणून बादली तशीच टाकून ओटीवर येऊन गप्पा मारीत बसलो.

गोचीड मारणे हे पाप आहे काय, असा प्रश्न आज कोणी विचारला तर लोक त्याला हसतील. परंतु आमच्या स्मृतिकारांनी तो हसण्यावारी नेलेला नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात प्रायश्चित्तांची जी लांबलचक फर्द आहे तिच्यात क्षुद्र जीवांचे दोन वर्ग केले आहेत, एक अस्थी असलेल्यांचा आणि दुसरा अस्थी नसलेल्यांचा. अस्थिहीन जीव गाडीभर मारले तर मोठे प्रायश्चित्त सांगितले आहे, आणि सुटा एखादा मेला तर एका प्राणायामाने शुद्धी होते. गाडीभर गोचिडी कोणी भरून पाहिल्या होत्या, आणि ती गाडी बैलाची की हाताने ओढायची, हे स्मृतिकार सांगत नाहीत. थट्टा बाजूस ठेवली तरी या हिशेबामागे एक जाणीव आहे, आणि ती मला आदरणीय वाटते: जगण्यासाठी मारावे लागते हे मान्य करूनही मारल्याची नोंद ठेवावी. चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाच्या घरातली पाच वधस्थाने मानून, त्यांच्यापोटी रोज पंचमहायज्ञ करावेत आणि त्यांतल्या भूतयज्ञात कुत्र्या-कावळ्यांसाठी जमिनीवर अन्न ठेवावे, ही व्यवस्थाही त्याच जाणिवेतून आली आहे.

मात्र त्याच अकराव्या अध्यायात मांजर, मुंगूस, बेडूक, घुबड आणि कावळा यांच्या पंक्तीत कुत्रा बसवला आहे आणि त्याच्या हत्येला प्रायश्चित्त सांगितले आहे ते शूद्रहत्येचे. हे वाचताना मान खाली जाते, आणि ती कुत्र्याकरिता जात नाही. ज्या तराजूच्या एका पारड्यात बेडूक आणि दुसऱ्यात राबणारा माणूस घातला असता काटा स्थिर राहतो, त्या तराजूवर मी माझे पाप तोलू इच्छीत नाही. भोरहून वरंध घाट उतरला की महाड येते; तिथे १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेब आंबेडकरांच्या सत्याग्रह परिषदेत या ग्रंथाचे दहन झाले, आणि त्याचे मला यत्किंचितही दुःख नाही. तथापि पुढे मी त्याच ग्रंथातून एक शब्द उचलणार आहे, आणि तो उचलताना हाताला चटका बसावा हेही योग्यच आहे.

खंड्याकडे वळतो. अर्ध्या तासाने मी गोठ्यात गेलो तेव्हा तो भिंतीला टेकून उभा होता, तोंडातून लाळ गळत होती, मागचे पाय फाकलेले होते आणि हाक मारली तरी पापणी अर्धीच उघडत होती. एकदा ओकला, मग बसला, आणि बसला तो जणू फार दूरवर जाऊन बसला. बादलीतले पाणी कमी झालेले मी पाहिले. शेजारी जमले. ‘मिठाचं पानी पाजा दादा, समदं भाईर पडंल,’ असे एका म्हातारीने सांगितले. दुसऱ्याने तुपाची वाटी पुढे केली, तिसऱ्याने चिंचेचे पाणी सुचवले. कोणी मेंगाई देवीचा अंगारा आणून कुत्र्याच्या कपाळी लावला. या साऱ्यांत निरुपद्रवी असा उपाय एक अंगाऱ्याचाच होता, हे मला नंतर कळले. मिठाचे पाणी कुत्र्याच्या रक्तातील क्षार इतके वाढवू शकते की मूळ विष राहते बाजूला आणि मिठानेच झटके येतात. तुपादुधात जी विषे विरघळतात ती आतड्यातून लवकर शोषली जाण्याचा संभव असतो. आणि गुंगीत गेलेल्या जनावराला ओकवणे म्हणजे पोटातले विष फुप्फुसात नेऊन घालणे, त्यातही या औषधांचा द्राव रॉकेलच्या जातीच्या तेलात केलेला असला तर श्वासनलिकेत गेलेला एक थेंबही घातक. वाटी हाती घेऊन धावत आलेल्या त्या माणसांच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. शंका आहे ती अशी की, संकटाच्या वेळी आपल्या हातांना काहीतरी करीत राहण्याची जी तहान लागते, ती भागवण्यासाठी आपण समोरच्याच्या घशात काय ओततो याचे भान आपणांस उरते काय?

आमच्या घरापाशी दूरध्वनीचा संदेश पोहोचत नाही. त्यासाठी पाण्याच्या टाकीमागच्या टेकाडावर चढावे लागते. तिथून मी एका ओळखीच्या पशुवैद्यांना गाठले. त्यांनी विचारले, ‘काका, काय पोटात गेलं, किती गेलं, कधी गेलं, आणि कुत्र्याचं वजन किती?’ मी उत्तर दिले, ‘म्हशीला लावायचं औषध होतं, थोडंसं चाटलं गेलं असावं. बादली जरा उघडी राहिली होती.’

या दोन वाक्यांकडे पहावे. त्यांत कोठेही खोटा शब्द नाही, आणि ती दोन्ही असत्य आहेत. ‘बादली राहिली’ या रचनेत बादली स्वतःच्या मर्जीने उघडी राहते. ‘चाटलं गेलं’ या रचनेत कुत्राही नाहीसा होतो आणि क्रिया तेवढी अधांतरी तरंगते. आपल्या भाषेने संकोची माणसासाठी ही पळवाट बांधून ठेवली आहे. कप फुटतो, पैसे खर्च होतात, शब्द तोंडून निघून जातो. फोडणारा, खर्चणारा व बोलणारा पडद्याआड असतो. दादोबा पांडुरंगांपासून आमच्या व्याकरणकारांनी प्रयोगांची चिकित्सा पुष्कळ केली. परंतु कर्ता लपवण्याच्या या सोयीची नैतिक चिकित्सा कोणी केली असल्यास ती माझ्या वाचनात नाही.

महाभारताच्या अखेरचा कुत्रा सर्वांना ठाऊक आहे. युधिष्ठिर त्याच्यासाठी स्वर्ग नाकारतो आणि तो कुत्रा साक्षात धर्म निघतो, ही कथा आमच्या कीर्तनकारांनी पिढ्यानपिढ्या सांगितली. परंतु त्याच ग्रंथाच्या आरंभी, आदिपर्वात, दुसरा एक कुत्रा येऊन जातो, त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. जनमेजयाच्या सत्रात सरमा या कुत्रीचे पिलू येते. राजाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जाऊन सांगते की मी हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, ते चाटले नाही. सरमा यज्ञमंडपात येऊन विचारते, माझ्या निरपराध मुलाला का मारले? आणि ते राजपुत्र काहीच उत्तर देत नाहीत. त्यानंतर तिचा शाप येतो: अदृष्ट भय तुमच्यावर कोसळेल. मला वाटते, या प्रसंगाचे मर्म मारण्यात जेवढे आहे तितकेच त्या मौनात आहे. एखादा भाऊ पुढे होऊन ‘आम्ही मारले, चुकलो’ असे म्हणता, तर सरमेची वाणी कदाचित वेगळी झाली असती. युधिष्ठिराची परीक्षा कठीण खरी; पण त्याच्या कुत्र्याला त्याने काही इजा केलेली नव्हती. स्वतःच्या हातून घायाळ झालेल्या जीवाशेजारी उभे राहणे ही त्याहून निराळी कसोटी आहे, आणि तिचे वर्णन स्वर्गारोहणाच्या वाटेवर सापडत नाही. ते त्या यज्ञमंडपातल्या गप्प बसलेल्या भावांपाशी सापडते.

माझा हेतू चांगला होता, हे सांत्वन पुष्कळांनी मला दिले. हेतूचा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. मज्झिमनिकायातील उपालिसुत्तात बुद्ध मानसिक कर्माला कायिक कर्माहून गुरुतर ठरवतात, आणि निर्ग्रंथांचा, म्हणजे जैनांचा, पक्ष त्याच्या उलट आहे. जैनांच्या सूत्रकृतांगात बौद्धांची जी उलटतपासणी केली आहे ती तर मोठी झणझणीत आहे: भोपळा समजून कोणी मूल भाजले तर त्याला पाप नाही असे तुमचे मत होते ना, असा तिचा रोख आहे. केवळ हेतू पाहिला तर माझ्यासारखे निष्काळजी लोक निर्दोष सुटतात. केवळ परिणाम पाहिला तर वैद्याच्या हातून रोगी दगावला तरी वैद्य खुनी ठरतो. या दोहोंच्या मध्ये उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या केली तिच्यात प्रमाद हा शब्द आहे, आणि तो शब्द मला माझ्या मापाचा वाटला. बेसावधपणाच्या योगाने झालेला प्राणघात ती हिंसा, असे ते म्हणतात. द्वेष नको, क्रौर्य नको. न वाचलेला कागद आणि न झाकलेली बादली पुरे.

गांधीजींनी १९२६ साली अहमदाबादेत अंबालाल साराभाईंच्या गिरणीत साठ भटकी कुत्री मारण्यात आली तेव्हा, अहिंसावाद्यांचा रोष पत्करूनही, त्या कृत्याची अपरिहार्यता मान्य केली, आणि ‘यंग इंडिया’तून ओळीने लेख लिहून त्या मान्यतेचा जाबजबाब दिला. त्यांच्या निष्कर्षाशी माझे पूर्ण जुळत नाही. पण जे केले वा मान्य केले त्याचा कर्ता लपवायचा नाही, ही शिस्त त्यांतून शिकण्याजोगी आहे.

आता तो शब्द. पापापासून मनुष्य कशाने मुक्त होतो हे सांगताना मनुस्मृती ख्यापन, अनुताप, तप आणि अध्ययन असा क्रम देते. ख्यापन म्हणजे उघडपणे सांगणे. अनुतापाच्याही आधी ते ठेवले आहे, याचे मला पूर्वी नवल वाटे. माणूस आधी मनात पोळतो आणि मग तोंडाने कबूल करतो, असा माझा समज होता. त्या टेकाडावर हा समज उलटा पडला. अनुताप मला होत होता, भरपूर होत होता, आणि त्या अनुतापाचाच पडदा करून मी वस्तुस्थिती झाकत होतो. कारण अनुतापाला स्वतःविषयी बोलायचे असते आणि ख्यापनाला घडलेल्या गोष्टीविषयी. खाली येऊन मी खंड्याच्या छातीवर हात ठेवला तेव्हा दोन ठोक्यांमध्ये इतके अंतर होते की तिसरा येतो की नाही असे वाटावे. मी पुन्हा टेकाड चढलो, आणि यावेळी बाटली हातात घेऊन बोललो: औषध अमित्राज, साडेबारा टक्के, लिटरचे माप मी घेतलेले नाही, टोपणाने ओतले, बादली मी उघडी ठेवली, निदान अर्धा लिटर प्याला आहे, वेळ सुमारे साडेदहा, वजन वीस किलोच्या आसपास.

पलीकडचा स्वर बदलला, आणि का बदलला ते मला नंतर त्यांनी समजावून सांगितले. पिसवा-गोचिडांवरची औषधे आपण एकाच नावाने ओळखतो, पण शरीरात गेल्यावर त्यांच्या तऱ्हा अगदी निराळ्या. सेंद्रिय फॉस्फरसाच्या जातीचे विष असले तर लाळ, जुलाब, आकसलेल्या बाहुल्या आणि थरथर. तिथे अॅट्रोपीन हे प्राणदायी औषध. पायरेथ्रॉइड जातीचे असले तर कंप आणि झटके. तिथे नेमका उतारा नाही, झटके शमवीत वेळ काढायचा. अमित्राज नाडी मंद करते, अंग गार पाडते, रक्तातील साखर चढवते आणि गुंगी आणते. त्याला योहिंबीन किंवा अटिपामेझोल हा उतारा आहे, आणि शेतावरच्या विषबाधांमुळे प्रत्येकाच्या तोंडी असलेले अॅट्रोपीन नाडी मंद दिसते म्हणून येथे दिले तर रक्तदाब व आतड्यांची स्थिती बिघडू शकते. म्हणजे नाव चुकले तर एका रोग्याचे अमृत दुसऱ्याच्या घशात विष होऊन उतरते. योग्य रीतीने योजलेले विष उत्तम औषध होते आणि गैररीतीने वापरलेले औषध विष होते, असे चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे; ते मी विद्यार्थिदशेत पाठ केले होते, आणि त्याचा फळीवरच्या बाटलीशी काही संबंध असेल असे मला कधी वाटले नव्हते.

पुण्याच्या सदनिकांतून राहणाऱ्या आमच्या आप्तांचा प्रश्न किंचित निराळा असतो. तिथे मानेच्या मागे सोडायच्या इवल्या नळ्या आणि मांसाच्या चवीच्या गोळ्या असतात. नळीतले औषध कुत्र्याने चाटले की तोंडाला फेस येतो आणि घरात रडारड होते. पुष्कळदा तो फेस औषधाच्या कडू चवीचा असतो, थोडे पाणी पाजून तोंडातली चव घालवली की ओसरतो. अंगावर जास्त सांडले असेल तर भांडी घासण्याच्या सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुवावे. गोळ्यांचे पाकीटच्या पाकीट फस्त झाले असेल, किंवा कुत्र्याचे पर्मेथ्रिन मांजराच्या अंगावर गेले असेल, तर मात्र फेस ओसरण्याची वाट पाहू नये. मांजराच्या बाबतीत तर ते प्राणावर बेतते. वेष्टन जपून ठेवावे आणि वैद्याला तेच वाचून दाखवावे.

वेष्टन वाचून दाखवण्यावरून मला भोरच्या राजवाड्याची आठवण होते. भोरचे संस्थान हे पंतसचिवांचे. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत सचिवाकडे राजपत्रे तपासण्याचे काम होते. कागदात अक्षर अधिकउणे झाले असेल तर ते शोधून मजकूर शुद्ध करावा, ही त्याची जबाबदारी. ८ मार्च १९४८ रोजी ते संस्थान विलीन झाले आणि आता वेल्हे तालुकाही सरकारदरबारी राजगड झाला आहे. पण मजकूर शुद्ध करणे या कामात काही एक धर्म आहे, आणि तो तलवारीच्या धर्माहून हलका नाही, हे ज्या मुलखाने तीन शतके पाहिले त्या मुलखात राहून मी छापील मजकूर न वाचता टोपण उलटे केले!

पशुवैद्यांनी सांगितले की काही पाजू नका, ओकवू नका, अंगावरचे औषध पुसून घ्या, गोणपाटात गुंडाळून ऊब द्या, डोके किंचित खाली राहील असे कुशीवर निजवा, आणि बाटलीसह शिरवळला घेऊन निघा. मुक्या जनावरांसाठी १९६२ हा सरकारी क्रमांक आहे, हेही त्यांनीच सांगितले. विंझर, मार्गासनी, नसरापूर, मग चेलाडीला महामार्ग, आणि किकवी-सारोळ्यावरून नीरेचा पूल ओलांडला की पलीकडे सातारा जिल्हा आणि क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय. नसरापुराजवळ बनेश्वराची झाडी दिसली तेव्हा हात जोडण्यासाठी वर उचलले गेले आणि पुन्हा खंड्याच्या बरगड्यांवर आले. शेजारचा धनगर पोरगा माझ्याबरोबर होता. घरचा कुलस्वामी खंडोबा आणि खंडोबापाशी कुत्रा असायचाच, तेव्हा त्याने वाटभर कुत्र्याशी ज्या आदराने बोलणे चालवले होते तो आदर मी पुष्कळ देवळांत पाहिलेला नाही. ‘खंडेराया, डोळं मिटू नका,’ असे तो त्याला अहो-जाहो करीत म्हणत होता.

तिथे मी पुन्हा सगळे पहिल्यापासून सांगितले. तिसऱ्या वेळी कर्ता आपोआप वाक्याच्या आरंभी आला. उतारा दिला, शिरेतून सलाईन लावले, ऊब दिली, नाडी दर थोड्या वेळाने पाहिली. संध्याकाळी खंड्याने डोके उचलले आणि दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी गाडीत चढला. घरी आल्यावर ज्या म्हातारीने मिठाचे पाणी सुचवले होते तिने त्याच्या अंगावरून हात फिरवला आणि मला विचारले, ‘दादा, बादली कुनी ठिवली व्हती हो तितं?’ ‘मी,’ एवढेच म्हणालो.

ख्यापन झाले, अनुताप आहे, तप म्हणावे तर टेकाडाच्या दोन फेऱ्या. राहिले अध्ययन, म्हणून बाटलीवरचा सगळा मजकूर भिंगाने वाचून मोठ्या अक्षरांत उतरवला आणि गोठ्याच्या दारावर चिकटवला आहे. औषधाची फळी पुरुषभर उंच केली. परवा खंड्याच्या डाव्या कानामागे एक गोचीड पुन्हा दिसली. चिमट्याने ती कातडीलगत धरून सरळ ओढून काढली आणि साबणाच्या पाण्यात टाकली. तिच्यापोटी एक प्राणायाम माझ्या नावे बाकी आहे.